शिलाई आपल्या वाट्याला, फॅशन त्यांच्या

बारावी झालेल्या मुलामुलींना ‘पुढे काय?’ असं विचारलं की आमच्या दोंडाईचा-शिंदखेडा पट्ट्यात ठरलेली उत्तरं येतात. पोलीस भरती, नर्सिंग, आयटीआय, एमपीएससी. यातलं काहीच जमलं नाही तर सुरत. सुरतेला जायला फार तयारी लागत नाही. गाव भुसावळ-सुरत रेल्वेमार्गावर आहे आणि उधन्यात, लिंबायतमध्ये कुणाचा ना कुणाचा काका-मामा असतोच. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र वस्तीतल्या आमच्या बैठकांमध्ये एक नवं उत्तर ऐकू येऊ लागलं आहे. मुलं म्हणतात, ‘कपड्यांचं काहीतरी करायचंय.’

खोदून विचारलं तर मोबाइल पुढे करतात. त्यात मुंबई-पुण्याच्या रॅपर पोरांचे हुडी, मांडीपर्यंत आलेले सैल टीशर्ट, सहा खिशांच्या कार्गो पँट, जाड तळव्यांचे स्नीकर. मध्येच स्वतः मोबाइलवर काढलेलं एखादं चित्र: काळ्या टीशर्टच्या पाठीवर बाबासाहेबांचा गोल चष्मा आणि त्याखाली निळ्या अक्षरांत ‘जय भीम’. हे शिकायला कुठं जायचं, असं ती विचारतात. घरी विचारलं तर आई-वडील म्हणतात, ‘शिंपीकाम करायला पदवी कशाला लागते?’

या प्रश्नाकडे आपल्या चळवळीने अजून नीट पाहिलेलं नाही. कार्यकर्त्यांना तो चंगळवादाचा वाटतो, पालकांना पोरखेळ वाटतो आणि महाविद्यालयांना टपोरीपणा. आमचं म्हणणं असं की हा शिक्षणाचा आणि रोजगाराचा प्रश्न आहे आणि त्यात जात पुरेपूर मुरलेली आहे.

ज्याला आज जगभर स्ट्रीटवेअर म्हणतात तो पोशाख कुठल्याही फॅशनच्या शाळेत जन्मला नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ पासून हिप-हॉप उभं राहिलं ते कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गरीब वस्त्यांमधून. त्या मुलांनी खेळाचे बूट, ट्रॅकसूट, टोप्या, जाड साखळ्या यातून आपली ओळख घडवली. तिकडे कॅलिफोर्नियात समुद्रावर आणि स्केटबोर्डवर खेळणाऱ्या पोरांचे छापील टीशर्ट आले. दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि पुढे चाळीस वर्षांत हा कपडा पॅरिस-मिलानच्या मंचावर पोहोचला. मार्च २०१८ मध्ये लुई व्हिताँ या फ्रेंच घराण्याने पुरुषांच्या कपड्यांचा प्रमुख म्हणून व्हर्जिल अबलोह या कृष्णवर्णीय माणसाला नेमलं. त्याची पदवी स्थापत्य अभियांत्रिकीची होती, फॅशनची नव्हे. न्यूयॉर्कच्या पार्सन्स या नामांकित डिझाइन शाळेने स्ट्रीटवेअरवर ऑनलाइन प्रमाणपत्राचा अभ्यासक्रमच काढला. म्हणजे जे रस्त्यावर फुकट शिकलं गेलं ते आता फी भरून शिकवलं जातं.

इथे बाबासाहेबांचा एक निबंध आठवतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ वाचला. जात पसरली कशी याचं उत्तर देताना त्यांनी गॅब्रिएल टार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेतला. अनुकरण वरून खाली वाहतं आणि अंतर जितकं कमी तितकं ते जास्त होतं, असा तो सिद्धांत. ब्राह्मणांनी स्वतःला कोंडून घेतलं आणि बाकीच्यांनी त्यांची नक्कल केली. एमएला असताना आम्ही हा सिद्धांत परीक्षेपुरता पाठ केला होता. स्ट्रीटवेअरकडे पाहताना तो उलटा वाचावा लागतो. इथे नक्कल खालून वर जाते. श्रीमंत माणूस झोपडपट्टीतल्या पोरासारखा दिसू पाहतो. पण कपडा वर गेला म्हणून कपडा घडवणारा माणूस वर जात नाही. हा निबंध जिथे वाचला गेला ते कोलंबिया विद्यापीठ न्यूयॉर्कच्या ११६व्या रस्त्यावर आहे. तिथून नऊ रस्ते पलीकडे, हार्लेममधल्या १२५व्या रस्त्यावर, १९८२ मध्ये एका माणसाने शिलाईचं दुकान उघडलं.

त्याचं नाव डॅनियल डे. लोक त्याला डॅपर डॅन म्हणतात. मोठ्या ब्रँडच्या दुकानात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला सन्मान मिळत नव्हता. डॅपर डॅनने स्वतः छपाई शिकून घेतली, चामड्यावर गुची, फेंडी, लुई व्हिताँची चिन्हं उमटवली आणि त्यातून त्या कंपन्यांनी स्वप्नातही न पाहिलेले कोट-जॅकेट शिवले. रॅपर, मुष्टियोद्धे, धावपटू त्याच्याकडे येत. कंपन्यांनी खटले भरले, छापे पडले आणि १९९२ मध्ये दुकान बंद झालं. फेंडीच्या बाजूने लढणाऱ्या वकील सोनिया सोटोमायर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या, हे जाता जाता. मग २०१७ मध्ये गुचीने फ्लॉरेन्सच्या मंचावर एक जॅकेट आणलं. ते डॅपर डॅनने १९८९ मध्ये डायन डिक्सन या धावपटूसाठी शिवलेल्या जॅकेटसारखंच होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला चोर ठरवलं त्याचीच नक्कल! समाजमाध्यमांवर कृष्णवर्णीय लोकांनी आवाज उठवला तेव्हा गुचीने त्याच्याशी करार केला आणि २०१८ मध्ये हार्लेममध्येच त्याचं शिलाईघर पुन्हा सुरू झालं. मोठ्या घराण्याला त्याच्याशी करार करावा लागला तो त्याच्या समाजाकडे आवाज होता आणि त्या जॅकेटचा पुरावा होता म्हणून.

आता हीच गोष्ट महाराष्ट्रात आणूया. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्रादा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली. कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. ओरड झाल्यावर प्रादाने मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं लिडकर यांच्याशी करार केला. वर्तमानपत्रांनी त्या सहा महिन्यांत ‘भारतीय वारसा’, ‘मराठी अस्मिता’ असे शब्द भरपूर वापरले. ही चप्पल पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केली त्या चर्मकार समाजाचं आणि ज्यांच्या हातून कातडं आलं त्या जातींचं नाव मात्र क्वचितच मथळ्यात आलं. अस्मिता सगळ्यांची, वास त्यांचा.

याला एक वेगळं उत्तर मुंबईत दिलं गेलं आहे. सुधीर राजभर या चित्रकाराने ‘चमार स्टुडिओ’ उभा केला. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर धारावीत चामड्याचं काम करणाऱ्यांचं काम गेलं होतं. त्या कारागिरांना घेऊन त्यांनी टाकाऊ टायरच्या रबरापासून पिशव्या आणि वस्तू बनवायला सुरुवात केली. आणि जो शब्द शिवी म्हणून वापरला जातो तोच ब्रँडचं नाव म्हणून वस्तूवर छापला. डिझाइन शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात हे एक उदाहरण तरी शिकवलं गेलं पाहिजे.

कपडा आणि आपण, हे नातं नवं नाही. चांडाळाने मेलेल्याचे कपडे घालावेत असा नियम मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ती मनुस्मृती जाळली आणि त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी लुगड्याबद्दल बोलले. लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून, गळ्यातल्या-हातातल्या जड कथलाच्या दागिन्यांवरून जात ओळखली जाते, ती ओळख टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं आणि आलेल्या स्त्रियांनी तिथेच लुगडी नेसण्याची पद्धत बदलली. ग्रंथ जाळण्याइतकंच लुगड्याचंही महत्त्व त्यांना वाटत होतं. भगवान बुद्धांच्या संघातही चिंध्यांची वस्त्रं होती. पण ती भिक्खूंनी स्वतः स्वीकारलेली होती. मगधातल्या शेतांचे बांध पाहून बुद्धांनी आनंदाला तशा तुकड्यांचं चीवर करायला सांगितलं, असं विनयपिटकाच्या महावग्गात आलं आहे. सक्तीने अंगावर टाकलेली चिंधी आणि विचाराने शिवलेली चिंधी यांत फरक आहे. फॅशनच्या वर्गात फाटक्या जीन्सवर व्याख्यान होतं तेव्हा हा फरक कुणी सांगत नाही.

खान्देशात ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. १९३७ मध्ये बाबासाहेब खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथे थांबले होते. आज त्या यात्रेत तरुण पोरं ज्या रुबाबात येतात, गॉगल, पांढरे बूट, निळी हुडी, ते काही ज्येष्ठांना खटकतं. आम्हाला खटकत नाही. चांगला कपडा घातला म्हणून मार खाल्लेली माणसं याच देशात आहेत. २०२३ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला नीटनेटके कपडे आणि गॉगल घातल्याबद्दल मारहाण झाली. आपल्या जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातल्या वाकडीत, जून २०१८ मध्ये विहिरीत पोहल्याबद्दल अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारलं गेलं. एकीकडे अंगावर कपडा चढला म्हणून राग, दुसरीकडे शिक्षा म्हणून कपडा उतरवणं. ‘फँड्री’मधल्या जब्याला जीन्सची पँट हवी असते, त्यासाठी तो सायकलवर गारेगार विकतो. ती पँट हौसेपेक्षा मोठी आहे, हे आपल्या वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि शिक्षणसंस्था? त्यांना हा कपडा वर्गात नको आहे. जून २०२४ मध्ये मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने जीन्स, टीशर्ट, जर्सी घालून यायला बंदी केली. त्याआधी हिजाबवर बंदी आली होती आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला; ऑगस्टमध्ये न्यायालयाने हिजाब-टोपीच्या बंदीला अंशतः स्थगिती दिली. जीन्सबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. चेंबूर-गोवंडीचा पट्टा कुणाच्या वस्त्यांचा आहे हे वाचकांना माहीत आहे. जिथे मुलाकडे दोनच पँट असतात आणि दोन्ही जीन्सच्या असतात, तिथे ‘सभ्य पोशाख’ म्हणजे खर्च. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने शिक्षकांनाही जीन्स-टीशर्ट घालू नये असं परिपत्रकाने कळवलं. एका बाजूला परदेशातल्या डिझाइन शाळा या कपड्यावर प्रमाणपत्र देतात. दुसऱ्या बाजूला इथे तो घालून दारात उभं राहता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या समाजात सुई-दोरा पोहोचलेला नाही असं कुणी म्हणू शकत नाही. शिलाई मशीन वाटप हा गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यांचा आवडता कार्यक्रम आहे. नगरपरिषद, जिल्हा परिषद, आमदार, रोटरी, झालंच तर निवडणुकीचे उमेदवार, सगळे मशीन वाटतात. मंडप, हार, फोटो, आणि मशीन घेऊन रिक्षाने घरी जाणारी बाई. तीन महिन्यांच्या वर्गात तिला ब्लाउज, परकर, सलवार-कमीज आणि साडीचा फॉल शिकवतात. गावात आधीच दहा जणी ब्लाउज शिवत असतात. त्यामुळे दरात मारामारी होते, आणि वर्षभरात मशीनवर कपड्यांचा ढीग किंवा टीव्ही येऊन बसतो.

आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथे या मशीनवर हुडी किंवा टीशर्ट शिवून पाहण्याचा प्रयत्न मुलींनी केला आहे. जमत नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. टीशर्टचं कापड विणलेलं नसतं, गुंफलेलं असतं. इंग्रजीत त्याला निट म्हणतात. ते ताणलं जातं. साध्या पायमशीनची सरळ शिवण ताणली जात नाही, म्हणून डोकं घालताना गळ्याचा दोरा तुटतो. त्याला कडा बांधायला ओव्हरलॉक आणि घडी बसवायला फ्लॅटलॉक मशीन लागतं. पाच बायकांच्या गटाला पाच पायमशीन देण्याऐवजी एक ओव्हरलॉक, एक फ्लॅटलॉक आणि एक हीट प्रेस दिलं असतं तर आज दोंडाईच्यात टीशर्ट शिवला गेला असता. पण मशीन वाटणाऱ्याच्या डोक्यात ‘दलित बाई’ म्हणजे ब्लाउज असतो. तिला शिलाई द्यायची, डिझाइन नाही.

हाच भेद शिक्षणाच्या रचनेतही आहे. आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग, सुइंग टेक्नॉलॉजी, फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी असे एकेका वर्षाचे ट्रेड आहेत. तिथे मापं, कटिंग, शिवण शिकवली जाते आणि चांगली शिकवली जाते. निदेशक मंडळी मन लावून काम करतात हे आम्ही पाहिलं आहे. पण नवं काय करायचं, कशासाठी, कुणासाठी, त्याची किंमत कशी ठरते, त्याच्यावर नाव कुणाचं, हे सगळं दुसऱ्या दारात आहे. ते दार म्हणजे निफ्ट, राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था. १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली, २००६ च्या कायद्याने स्वतः पदवी देणारी. महाराष्ट्रातलं तिचं केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. हात इकडे, डोकं तिकडे. कारखान्यात आयटीआयची मुलगी मशीनवर बसते आणि निफ्टची मुलगी तिला नमुना देते. जातीने काय केलं असं आपण विचारतो तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलेलं श्रमिकांचं विभाजन हेच की नाही?

या दारातून आत जाताना स्ट्रीटवेअरचा आपल्या मुलांना उपयोग होऊ शकतो, म्हणून हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो. निफ्टच्या बी.डिझाइनच्या प्रवेशात सर्वांत जास्त वजन सर्जनक्षमता चाचणीला आहे, निम्मे गुण तिचे. चित्र, कल्पना, निरीक्षण. सामान्य क्षमता चाचणीला ३० टक्के आणि हाताने वस्तू घडवून दाखवायच्या सिच्युएशन टेस्टला २०. कुठल्याही शाखेची बारावी चालते. अनुसूचित जातीला १५ टक्के आरक्षण आहे. परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत होते, मराठीत नाही. याच्याविरुद्ध आपण बोललं पाहिजे. शहरातली मुलं कोचिंग लावतात आणि तिथे त्यांना ठरावीक छापाची चित्रं शिकवतात: मोरपीस, लग्नाचा लेहंगा, वारली नक्षी. आपला मुलगा तिथे जाऊन तीच नक्षी कच्ची काढतो आणि मागे पडतो. त्याच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही. जयंतीच्या मिरवणुकीत निळा रंग किती प्रकारांनी वापरला जातो, हमालाच्या डोक्यावरची चुंबळ कशी गुंडाळतात, मिरची बाजारात खाट उठते तेव्हा बायका पदर नाकातोंडाला कसा बांधतात. दोंडाईच्याची मिरची लांबवर जाते. ती निवडणाऱ्या बाईचा तो पदर, बाह्यांवर चढवलेला नवऱ्याचा जुना शर्ट, हे सगळं कामाचे कपडे या विषयातलं बारीक ज्ञान आहे. जगातला निम्मा स्ट्रीटवेअर कामगारांच्या कपड्यांवरून आलेला आहे. कार्गो पँट सैनिकांची, जीन्स खाणकामगारांची. आपल्या मुलीने मिरची निवडणाऱ्या आईच्या शर्टाची दहा रेखाटनं केली तर तो तिचा अभ्यास आहे आणि तो तिने लाजत नव्हे, मांडून दाखवला पाहिजे.

अमेरिकेतल्या ड्वेन एडवर्ड्सची गोष्ट आम्ही बैठकीत सांगतो. कॅलिफोर्नियातल्या इंगलवूडचा गरीब घरचा मुलगा, बुटांची चित्रं काढणारा. सतराव्या वर्षी रीबॉकची स्पर्धा जिंकला. पण डिझाइन कॉलेजचे पैसे नव्हते. एलए गिअर या बुटांच्या कंपनीत तो फायली लावायच्या कामाला लागला. तिथे सूचनापेटी होती. हा रोज एक चित्र काढून त्या पेटीत टाकायचा. सहा महिन्यांनी मालकाने बोलावून डिझायनर केलं. पुढे तो नायकेच्या जॉर्डन विभागापर्यंत गेला आणि २०१० मध्ये स्वतःची शाळा काढली, जिथे बूट बनवणं शिकवतात. २०२२ मध्ये त्याने डेट्रॉइटमधलं एक बंद पडलेलं कृष्णवर्णीयांचं महाविद्यालय डिझाइनचं म्हणून पुन्हा उघडलं. आम्हाला या गोष्टीत त्या एका मुलाच्या जिद्दीपेक्षा शेवटचा भाग जास्त मोलाचा वाटतो. तो वर गेला आणि शाळा काढली.

एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला तेव्हा त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांची चर्चा घराघरात झाली. त्यानंतर आमच्याकडे मुलांनी हप्त्यावर बूट घेतल्याच्या, बनावट ब्रँडवर मजुरीचे पैसे उडवल्याच्या तक्रारी आई-वडिलांनी केल्या. दुसऱ्याचं नाव छातीवर लावून मिरवण्यात कसली आलीय क्रांती? आम्हालाही तसंच वाटतं. म्हणूनच विकत घेणं आणि शिकणं यांत फरक करावा लागतो. ज्याला टीशर्टची किंमत कशी बनते हे कळलं तो सहजासहजी फसत नाही.

ती किंमत जयंतीच्या टीशर्टवरून समजावता येते. एप्रिल जवळ आला की मंडळं टीशर्टची ऑर्डर देतात. बहुतेकदा पॉलिस्टरचा, कारण त्याच्यावर गरम छपाई स्वस्तात होते. धुळे जिल्ह्यातल्या एप्रिलच्या उन्हात पॉलिस्टर घालून डीजेपुढे नाचायचं म्हणजे काय, हे घालणाराच सांगेल. आजूबाजूला मात्र कापूस. खान्देश कापसाचा मुलूख, अमळनेर-धुळ्याला प्रताप शेठजींच्या नावाच्या गिरण्या होत्या. आज कापूस जिनिंगमध्ये जातो, गाठी बांधून बाहेर जातो, आणि सुती कोरा टीशर्ट तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून विकत आणावा लागतो. रस्त्यावरच्या फॅशनवाला जाड टीशर्ट २२०-२४० जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन इतके ग्रॅम; मंडळाचा त्याच्यापेक्षा बराच पातळ. वर्षातून एकदा घालून पोछा होणारा कपडा आणि पाच वर्षं टिकणारा कपडा यातला फरक इतकाच. मंडळांनी वर्गणीतला थोडा भाग जाड सुती टीशर्ट आणि आपल्याच पोरांच्या डिझाइनला दिला तर? चैत्यभूमीला ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीला इतके स्टॉल लागतात. त्यातल्या किती वस्तू आपल्या माणसांनी घडवलेल्या असतात, हे एकदा मोजून पाहायला हवं. पुस्तकांचं गणित आपण जमवलं. आपले प्रकाशक उभे राहिले. कपड्याचं गणित अजून बाकी आहे.

पैशाचं सांगायचं तर निफ्टची चार वर्षांची फी आपल्या माणसाला घाबरवणारी आहे. पण केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची अनुसूचित जातींसाठीची उच्च श्रेणी शिक्षण शिष्यवृत्ती, जिला सगळे ‘टॉप क्लास’ म्हणतात, तिच्या यादीत आयआयटी-आयआयएमबरोबर निफ्ट आणि एनआयडीसुद्धा आहेत. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. पूर्ण शिकवणी फी, शिवाय राहणं-खाणं-पुस्तकांसाठी पहिल्या वर्षी ८६ हजार आणि पुढे दरवर्षी ४१ हजार. जागा संस्थेगणिक मर्यादित असतात आणि त्यातल्या ३० टक्के मुलींसाठी. आमच्या अनुभवात वस्तीतल्या दहा सुशिक्षित घरांना विचारलं तर ही योजना इंजिनिअरिंगची आहे असंच सगळ्यांना वाटतं. बार्टी यूपीएससी, एमपीएससी, बँकेच्या परीक्षांची तयारी करून घेते; डिझाइनच्या प्रवेश परीक्षेची एक तुकडी, तीही मराठीतून शिकवणारी, तिने सुरू करावी ही मागणी आपण संघटनांच्या निवेदनांमध्ये घालायला हवी. त्याच निवेदनात आयटीआयच्या ट्रेडला निट कपड्यांचं यंत्र आणि डिझाइनचा तास द्या असंही लिहावं. आणि शिलाई मशीन वाटपाला पुढच्या वेळी पाहुणे म्हणून बोलावलं तर माइक हातात असताना ओव्हरलॉकबद्दल विचारावं.

एक अडचण आपल्या धर्मांतराशी जोडलेली आहे. शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ आहे म्हणून केंद्रीय संस्थेत अनुसूचित जातीचा दाखला चालत नाही, असं सांगणारे अर्धवट माहितीचे लोक अजून भेटतात. १९९० च्या दुरुस्ती कायद्यानंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीला केंद्रातही सवलती आहेत. फक्त दाखला कोणत्या नमुन्यात काढायचा यावरून तहसील आणि प्रांत कार्यालयात हेलपाटे पडतात, जुने पुरावे मागितले जातात, आणि मुलगी बारावीच्या परीक्षेला बसलेली असताना बाप रांगेत उभा असतो. उत्पन्नाचा दाखलाही त्याच रांगेतला. निफ्टची नोंदणी साधारण डिसेंबर-जानेवारीत होते आणि परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे दाखल्यांचे अर्ज दिवाळीच्या आधी पडले पाहिजेत आणि रेखाटनांची वही त्याच्याही आधी, ३१ जुलैच्या लळिंगच्या यात्रेपासून, भरायला घेतली पाहिजे.